शेताचं आधी बोल, गाणी मग शिक

प्रश्न : मी सहा वर्षांची असताना आम्ही विदर्भातल्या आर्वीजवळचं गाव सोडून अमेरिकेला गेलो. आता बाबा गेले आणि 36व्या वर्षी मी गावात काही दिवस राहायला आलेय. मराठी मोडकी आहे. आजी म्हणायची ती भुलाबाईची, म्हणजे मुलींच्या महिनाभराच्या सणाची, गाणी शिकायचीत, पण मुली आता भुलाबाई मांडत नाहीत. काकू खुर्चीवरून उठू देत नाही, नुसतं विचारते, ‘किती दिस राहशीन व?’ शेत कुठे आहे असं विचारल्यापासून चुलतभाऊ बोलत नाही. मी इथली नाहीच का?

उत्तर : बाई, तू इथलीच आहेस. पण भाऊ का गप्प झाला हे घरातलं कुणी तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगते. नुकताच बाप गेलेली लेक बाहेरदेशातून येऊन शेताची चौकशी करते, तेव्हा आपल्याकडे त्याचा एकच अर्थ निघतो, हिस्सा. तुला धुरा म्हणजे शेताचा बांध, विहीर, बाबांचं लहानपण पाहायचं होतं. त्याच्या डोळ्यांसमोर सातबारा आला. त्याला कोत्या मनाचा समजू नकोस. कापूस-सोयाबीनच्या भावावर ज्याचं घर चालतं, त्याची झोप अशा एका प्रश्नानं उडते.

म्हणून काकूसमोर बसून त्याला सरळ सांग की तू विकायला किंवा वाटणी मागायला आलेली नाहीस. तसं मनात असेल तर तेही सांग, लपवू नकोस. मात्र प्रेमापोटी हक्कसोडपत्रावर सही करून मोकळी होऊ नकोस. वडिलोपार्जित जमिनीत हिंदू वारसा कायद्यातल्या 2005च्या दुरुस्तीनंतर लेकीचा वाटा लेकाइतकाच आहे. परदेशी नागरिकत्व घेतलं असशील तर इथे शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशानं आलेली ठेवता येते. कोणताही कागद आधी वकिलाला दाखव. नातं आणि कागद वेगवेगळे ठेवलेस तरच दोन्ही टिकतील.

काकूचा प्रश्न तुला टोचला, पण त्यात तुला घालवायचा विचार मला दिसत नाही. आता सोयाबीन काढणीला येईल, मजूर मिळत नाहीत, घरात पाहुणी. तिला हिशेब लावायचाय. तिला नेमकं सांग, ‘दिवाळी करूनच जाईन.’ आणि खुर्ची सोड. ‘मी करू का?’ असं विचारशील तर ती नाहीच म्हणेल. ती अंबाडीची भाजी निवडायला बसली की शेजारी बैस आणि देठ मोडायला लाग. हात कामात असले की बाया बोलतात, आणि बोली तिथेच कानात शिरते. चुकशील, हसतील, हसू दे. भाची-पुतण्यांनी इंग्रजीत सुरुवात केली तरी तू मराठीतच उत्तर दे.

भुलाबाईचं मला मनापासून वाईट वाटतं. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली घरोघर जायच्या, गाणी म्हणायच्या, डबा हलवून आतला खाऊ ओळखायच्या. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मखर व्हायचा. आता शिवारात ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं आणि पोरी संध्याकाळी शिकवणीला जातात. गावानं जाणूनबुजून काही टाकलं नाही, तेव्हा गावावर रुसू नकोस.

पण गाणी गेलेली नाहीत. साठीच्या पुढच्या बायांना ती येतात, फक्त ‘म्हणून दाखवा’ म्हटलं की आठवत नाहीत. फोन समोर धरू नकोस. आजीचं अर्धंमुर्धं आठवत असेल ते तूच म्हण, चुकीचं म्हण. चूक सुधारायला म्हणून त्या पुढची ओळ म्हणतील. मग भुलाबाई तुमच्याच ओसरीवर मांड आणि गल्लीतल्या पोरींना बोलाव. पाच आल्या तरी पुरे. खाऊ काय करायचा ते काकूला ठरवू दे.

आणि कापसाच्या पहिल्या वेच्याला बाया सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, करायला शेतात निघतील, दहीभाताचा नैवेद्य घेऊन, तेव्हा त्यांच्याबरोबर जा. तुला पाहायचं होतं ते शेत त्या दिवशी दिसेल. पूजा झाल्यावर ओटी बांधून कापूस वेचायलाही थांब. भावाशी बोलणं मात्र त्याच्या आधी, या आठवड्यातच उरक.