'आणि' म्हणजे दोन्ही की कुठलंही?

प्रश्न असा आहे: विद्यार्थी आणि विषयांच्या डेटाबेसमधून 'मराठी आणि संस्कृत घेतलेली मुलं' काढायला एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) अँड, म्हणजे 'आणि', लिहिलं, तर एकही नाव आलं नाही. ऑर, म्हणजे 'किंवा', लिहिलं, तर भलतीच गर्दी झाली. दोष 'आणि' या शब्दाचा का?

थोडासा आहे. 'मराठी आणि संस्कृत घेतलेल्या मुलांनी हॉलमध्ये यावं' अशी सूचना आली, तर नुसती मराठी घेतलेला मुलगाही उठतो. तेच शब्द शिष्यवृत्तीच्या अटीत असले, तर तोच मुलगा अर्ज करत नाही. कुठला अर्थ घ्यायचा हे आपण प्रसंगावरून ठरवतो. अगदीच घोळ होणार असेल तर 'दोन्ही' जोडतो.

डेटाबेसच्या अँडला प्रसंग कळत नाही. एका मुलाचे अनेक विषय आणि एका विषयाची अनेक मुलं असली, की मुलांच्या आणि विषयांच्या टेबलांमधे तिसरं टेबल लागतं (इंग्रजीत जंक्शन टेबल; मी त्याला 'जोडतक्ता' म्हणतो, 'जंक्शन' ऐकलं की मला मनमाड आठवतं). त्याच्या एका ओळीत एक मुलगा, एक विषय. अँड प्रत्येक ओळीला विचारतो, 'तुझा विषय मराठीही आहे आणि संस्कृतही?' ओळीत विषय एकच. शेजारच्या ओळीत काय आहे ते तिला दिसत नाही. उत्तर नाही.

म्हणून 'दोन्ही' हवं असेल तर सुरुवात 'किंवा'ने करावी लागते! मराठी किंवा संस्कृतच्या ओळी निवडा, ग्रुप बायने एकेका मुलाच्या ओळी एकत्र करा आणि हॅविंगमध्ये (म्हणजे गटांवरच्या अटीत) ज्याचे विषय दोन भरतील तोच ठेवा. मोजताना डिस्टिंक्ट (तोच विषय एकदाच मोजायला) हवंच. नाहीतर मराठीला दोनदा बसलेला मुलगा संस्कृतचं तोंड न पाहता यादीत शिरेल.

'दिलेले सगळे विषय घेतलेली मुलं' या प्रकाराला, टेबलांच्या (रिलेशनल) डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या एडगर कॉड यांच्या रिलेशनल बीजगणितात भागाकार म्हणतात. मला हे फार आवडतं. हॉलमधला 'आणि' बेरजेचा, शिष्यवृत्तीतला भागाकाराचा.

जाता जाता, 'संस्कृत न घेतलेली मुलं' काढताना 'विषय संस्कृत नाही' अशी अट घालू नका. संस्कृतबरोबर मराठीही घेतलेला मुलगा त्याच्या मराठीच्या ओळीमुळे आत येतो. तिथे नॉट एक्झिस्ट्स ('या मुलाची संस्कृतची ओळच नाही' अशी अट) वापरा.