नाक दाबा, मग चाखा

प्रश्न : परदेशातून येताना भावाने चार डार्क चॉकलेट बार आणले: आंबा, रास्पबेरी, संत्रं आणि मादागास्करचा एक साधा, ७० टक्के कोकोचा. सगळे एका बैठकीत खाल्ले, पण चौथ्यापर्यंत नुसतं कडूच लागलं. चाखायची काही रीत असते का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : असते, आणि तिच्यात क्रमाला फार महत्त्व आहे. आधी साधा बार, मग आंबा, त्यानंतर रास्पबेरी आणि संत्रं अगदी शेवटी. आंब्याचा वास डार्क चॉकलेटपुढे लगेच दबतो. (खरं तर आंब्याला ५५ टक्क्यांचंच चॉकलेट शोभतं.) संत्र्याच्या बारमध्ये बहुधा सालीचं तेल असतं. ते जिभेवरच्या स्निग्धतेत रेंगाळतं आणि पुढच्या प्रत्येक घासाला संत्र्याचा वास येतो.

प्रत्येकाचा ५-६ ग्रॅमचा एकच तुकडा घ्या. आधी दोन तास चहा, कॉफी, सुपारी नको. बार फ्रिजमधून काढला असेल तर २०-२२ अंशांवर येऊ द्या. कोको बटर (कोकोच्या बियांतली स्निग्धता) साधारण ३४ अंशांना वितळतं, त्यामुळे थंडगार तुकडा तोंडात बराच वेळ दगडासारखा राहतो आणि वास बाहेर पडत नाही.

आता नाक चिमटीत धरा आणि तुकडा तोंडात टाका. दोन-तीनदाच चावा, मग जिभेने टाळूला दाबून ठेवा. या वेळी फक्त गोड, आंबट, कडू आणि तुरट कळेल. दहा सेकंदांनी नाक सोडा. रास्पबेरी असेल तर ती त्याच क्षणी येते, कारण फळाची ओळख जिभेला नाही, नाकाला पटते. अर्धा मिनिट विरघळू द्या. फळाचे कण राहतील ते शेवटी चावा.

दोन बारच्या मध्ये कोमट पाणी आणि कोरड्या फुलक्याचा घास घ्या. गार पाण्याने कोको बटर जिभेवर थिजतं. तुरटपणा घासागणिक साठत जातो. तुमचा चौथा बार नुसता कडू लागला तो त्यामुळेच.

प्रश्न : त्याच साध्या बारच्या रॅपरवर ‘लाल फळांची चव’ लिहिलंय, घटकांत मात्र फळ नाही. ही फसवणूक का? – तेच वाचक

उत्तर : नाही. कोकोच्या बिया भोवतीच्या पांढऱ्या गरासकट पाच-सात दिवस आंबवतात. गरातल्या साखरेचं आधी अल्कोहोल होतं, मग आम्ल, आणि ते बियांत मुरतं. मादागास्करच्या सांबिरानो खोऱ्यातल्या बिया अशा आंबटसर, फळाळ चवीसाठीच ओळखल्या जातात. बिया फार भाजल्या की ही चव जाते.

शंका घ्यायची ती दुसरीकडे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. फळाचं नाव कुठेच नाही आणि नुसतं ‘फ्लेवर’ असेल, तर बारमध्ये फळाचा फक्त वास आहे. कोको बटरऐवजी वनस्पती तेल असेल तर ते ‘कॉम्पाउंड’, म्हणजे अस्सल चॉकलेट नव्हे. टाळूला मेणचट लागतं.

प्रश्न : वितळलेल्या डार्क चॉकलेटमध्ये दोन चमचे स्ट्रॉबेरीचा रस घातला, तर सगळ्याचा खरबरीत गोळा झाला. – एक वाचक, सातारा

उत्तर : रसातल्या पाण्याने घात केला. चॉकलेट म्हणजे स्निग्धात तरंगणारी साखर आणि कोकोची पूड. थोडंसं पाणी गेलं की साखर चिकट होते आणि कण एकमेकांना धरतात. गोळा टाकू नका: १०० ग्रॅमला चार-पाच टेबलस्पून गरम दूध घालून घोटा, सॉस होईल. बार मात्र त्याचा होणार नाही.

बारसाठी फ्रीझ-ड्राय केलेल्या (गोठवून सुकवलेल्या) स्ट्रॉबेरीची पूड घ्या, १०० ग्रॅमला ४-५ ग्रॅम, चाळून. चॉकलेट ४५ अंशांपर्यंत वितळवा, ढवळत २७-२८ पर्यंत उतरवा, पुन्हा ३१-३२ वर आणा. मग पूड मिसळून लगेच साच्यात ओता. थर्मामीटर हवाच, अंदाजाने जमत नाही. पुडीचा डबा पावसाळ्यात उघडा राहिला की तासाभरात गुठळ्या.

प्रश्न : बारवर पांढरा थर आलाय. बुरशी आहे का? – एक वाचक, पणजी

उत्तर : बहुधा नाही. बोटाने चोळा. तेलकट लागून थर नाहीसा झाला तर उकाड्याने कोको बटर वर आलंय. खरखरीत लागला तर ओलीने साखर वर आलीय. दोन्ही खाता येतात, पोत मात्र बिघडतो. फ्रिजमध्ये ठेवायचाच तर हवाबंद डब्यात ठेवा, आणि बाहेर काढल्यावर तासभर डबा उघडू नका.