1 जूनची जन्मतारीख, खरा जन्म पुढच्या वर्षीचा आणि ज्युनिअर 400 मीटर : आमचा अनुभव

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि 2018चं आमचं अख्खं वर्ष डोळ्यापुढे आलं. तुमचा मुलगा 400 मीटर 48 सेकंदांच्या आत पळतो, ज्युनिअर जागतिक स्पर्धेला जायचंय, जन्मदाखल्यावर जानेवारी 2007, शाळेच्या दाखल्यावर 1 जून 2006, आणि कोच म्हणतात की आधी आधार दुरुस्त करून पासपोर्ट काढून टाका, बाकीचं नंतर बघू. आम्हालाही अगदी हाच सल्ला मिळाला होता. आम्ही तो ऐकला. कृपा करून तुम्ही ऐकू नका.

ट्रेनिंग, स्पाइक्स, डाएट याबद्दल लिहीत नाही, ते तुम्हाला माहीत असणारच. आणि मी वकील नाही. जे आमच्यासोबत घडलं तेच सांगतोय. नियम बदलत असतात, त्यामुळे अॅथलेटिक्स फेडरेशनचं या वर्षाचं परिपत्रक स्वतः वाचा.

20 वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत, म्हणजे ज्युनिअर वर्ल्डमध्ये, त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला वीस पूर्ण झालेलं चालत नाही. ऑगस्ट 2026च्या अमेरिकेतल्या युजीनच्या स्पर्धेसाठी म्हणजे 2007 किंवा त्यानंतरचा जन्म. जन्मदाखल्याप्रमाणे तुमचा मुलगा बसतो, शाळेप्रमाणे बसत नाही. आमचंही तेच होतं. खरा जन्म फेब्रुवारी 1999चा, पण पहिलीत प्रवेश मिळावा म्हणून गुरुजींनी 1 जून 1998 लिहून टाकलं. आपल्याकडे अर्ध्या गावाचा वाढदिवस एक जूनला असतो, त्यामुळे तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. फिनलंडमधल्या टॅम्पेरेला जुलै 2018मध्ये ज्युनिअर वर्ल्ड होतं आणि 1998चा मुलगा त्यात बसत नव्हता.

आमची चूक अशी की सोपं काम आधी केलं. जन्मदाखला दाखवून आधार बदललं आणि आधारवर पासपोर्ट काढला. शाळेच्या जनरल रजिस्टरला, म्हणजे प्रवेशाच्या मूळ नोंदवहीला, तेव्हा हात लावला नाही, आणि पुढे ती दुरुस्ती वेळेत झाली नाही. निवड चाचणीच्या वेळी टेबलावरच्या माणसाने तीन कागद शेजारी शेजारी ठेवले. आधार आणि पासपोर्ट 1999, शाळा सोडल्याचा दाखला 1998. त्यात आधार आणि पासपोर्ट दोन्ही जेमतेम वर्षभरापूर्वीचे. तो माणूस आवाज न चढवता म्हणाला, "जुना कागद मोठं वय दाखवतो आणि नवे कागद लहान वय दाखवतात. मी काय समजू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं बोलणाऱ्याचे आणि खोटं करणाऱ्याचे कागद त्या टेबलावर अगदी सारखेच दिसतात. पोराला पळू दिलं, पण नाव यादीत गेलं नाही.

त्या माणसाला मी आजही दोष देत नाही. 400 मीटरमध्येच काय झालंय बघा. 2012च्या बार्सिलोनाच्या ज्युनिअर वर्ल्डमध्ये डॉमिनिकन रिपब्लिकच्या लुगेलिन सांतोसने 44.85मध्ये सुवर्ण जिंकलं, त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकचं रौप्यही. पुढे कळलं की पासपोर्टवर वय एका वर्षाने कमी होतं. 2023मध्ये तीन वर्षांची बंदी आली आणि बार्सिलोनाचा निकाल रद्द झाला. मागे दुसरा आलेला अमेरिकेचा आर्मन हॉल, त्याला हक्काचं सोनं मिळायला अकरा वर्षं लागली. फरक फक्त एका वर्षाचा होता, तुमच्या-आमच्या कागदांतही सालाचा फरक तेवढाच. म्हणून ते संशय घेतात, आणि घ्यायलाच हवा.

आता शाळेच्या रजिस्टरच्या दुरुस्तीला मंजुरी देणारं शिक्षण विभागाचं ऑफिस. नाव घेत नाही. मुलगा शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांचा प्रस्ताव जातो, शिक्षण विभागाची मंजुरी येते आणि रजिस्टरमध्ये दुरुस्ती होते. शाळा सुटली की तेच काम डोंगराएवढं होतं. आम्ही ऑगस्ट 2017मध्ये फाइल दिली. समोरच्या बाईंनी घेतली, कपाटावर ठेवली, म्हणाल्या, "पंधरा दिवसांनी या." मी पोच मागितली नाही. एवढ्या चांगल्या बोलल्या, त्यांना शिक्का कसा मागायचा, असं वाटलं. पुढचे सात महिने साहेब दौऱ्यावर, साहेब बैठकीत, टेबल बदललं, फाइल सापडत नाही. आवक क्रमांकच नाही तर शोधणार कशी? एसटीने जाऊन-येऊन माझ्या अकरा रजा गेल्या. शेवटी नवीन अर्ज दिला, या वेळी पोच घेऊन, आणि महिन्याभराने माहितीच्या अधिकारात त्याची सद्यस्थिती विचारली. तेव्हा कुठे कागद हलला. आदेश आला सप्टेंबर 2018मध्ये. टॅम्पेरे होऊन दोन महिने झाले होते.

ती फायनल आम्ही दोघांनी मोबाइलवर पाहिली. बेल्जियमचा जोनाथन साकूर 45.03मध्ये जिंकला. आमचा मुलगा तिथवर पोचला असता असं मी म्हणत नाही, त्याची वेळ तेवढी नव्हतीच. पण शेवटच्या शंभरात सगळ्यांचे खांदे वर चढायला लागले तेव्हा त्याने मोबाइल उलटा ठेवला आणि उठून गेला. ते मला अजून आठवतं.

म्हणून माझं ठाम मत : आज घरी जाऊन जन्मदाखल्यावरची जन्मतारीख नाही, नोंदणी दिनांक बघा. जन्मानंतर 21 दिवसांत किंवा निदान त्याच वर्षात नोंद झालेली असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. आमच्या सौंचं बाळंतपण माहेरी झालं, म्हणून नोंद दुसऱ्या तालुक्यातल्या ग्रामपंचायतीत निघाली. ग्रामसेवकांनी लांबलचक रजिस्टर उघडलं, निळ्या शाईतली ओळ, शेजारी दायीचं नाव, वरच्या-खालच्या नोंदी त्याच आठवड्यातल्या. त्या पानाची साक्षांकित प्रत घ्या. ती कुठल्याही प्रतिज्ञापत्रापेक्षा बोलकी असते. लसीकरणाचं कार्ड आणि अंगणवाडीची नोंद मिळाली तर तीही जोडा.

मग शाळेचं रजिस्टर, मग आधार, सगळ्यात शेवटी पासपोर्ट. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, ती संधी घाईत घालवू नका. अमेरिकेच्या व्हिसाला मुलाखतीची तारीख मिळायलाही वेळ लागतो, तोही हिशोबात धरा. आणि प्रत्येक कागदाची पोच घ्या, समोरचा कितीही गोड बोलला तरी.

आणि नोंद उशिराची असेल, वर्षभरानंतर आदेश घेऊन केलेली, तर रागावू नका, पण माझ्या मते ज्युनिअर सोडून द्या. खुल्या गटात पळवा. अमेरिकेचा स्टीव्ह लुईस 19व्या वर्षी 1988च्या सोल ऑलिंपिकमध्ये 400 मीटर 43.87 सेकंदांत पळून जिंकला, ग्रेनाडाचा किरानी जेम्स 18व्या वर्षी 400मध्येच सीनियर वर्ल्ड जिंकला. 400च्या या एका फेरीला वयोगट लागतोच असं नाही. पोराच्या नावापुढे उद्या प्रश्नचिन्ह लागणं मात्र सहन होत नाही. कोच मंडळींना हे पटत नाही, त्यांना मेडल दिसत असतं. ज्याचं नाव खराब होतं तो मुलगा असतो.

जाता जाता एक, विचारलं नसलं तरी. राष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धेत कॉल रूममध्ये, म्हणजे शर्यतीआधी खेळाडूंना जमवतात तिथे, मूळ ओळखपत्र मागतात, झेरॉक्स चालेलच असं नाही. आमच्या शेजारच्या लेनचा मुलगा त्यासाठी धावत वडिलांना शोधत होता, वॉर्म-अप सगळा गेला त्याचा. मूळ कागद पोराच्या बॅगेत नको, तुमच्याजवळ ठेवा आणि गेटपाशीच उभ्या राहा.

दाखल्यावरचा नोंदणी दिनांक आणि मुलगा सध्या कितवीत आहे, एवढं इथे लिहा. बारावी अजून झाली नसेल तर मुख्याध्यापकांना द्यायच्या अर्जाचा आमचा नमुना माझ्याकडे आहे, तो टाकतो.