1600 खालच्या रेटिंगवाल्यांसाठी (रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारे गुण) पहिली बुद्धिबळ स्पर्धा घेतोयस?

झकास की भावा! कोल्हापुरात अशा स्पर्धांना गर्दी होतेच. नवखे आयोजक एकच चूक करतात: आजचं रेटिंग बघून प्रवेश देतात. अठराखालच्या, 2300 च्या आतल्या पोराचा के-घटक, म्हणजे एका डावानं रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा, 40 असतो. बरोबरीच्याशी हरलं की 20 गुण गेले. मुद्दाम चार डाव सोडले की 80, आणि गडी बक्षिसाच्या गटात!

म्हणून फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) साइटवर प्रत्येकाच्या रेटिंगचा आलेख बघ. आजवरच्या सर्वोच्च रेटिंगची अट माहितीपत्रकातच छाप, नंतर भांडणं नकोत.

शेवटच्या फेऱ्यांत पटांमधून फिर. दहाव्या खेळीला वजीर फुकट देऊन हसत सही करणारा मी बघितलाय. स्कोअरशीट, म्हणजे खेळ्या लिहिलेले कागद, जपून ठेव. पण पुराव्याशिवाय कुणाला चोर म्हणू नकोस, पोरांचा फॉर्म खरंच जातो. बाकी बारकावे पुढच्या खेपेला.