तंबोरा, पिएझो तबकडी आणि निळा कागद: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न: मिरजेच्या सतारमेकर गल्लीत घडवलेल्या तंबोऱ्यावर ध्वनिकलेचा एक प्रयोग करतो आहे. २७ मिलिमीटरची पिएझो तबकडी (कंपनांचं विजेच्या संकेतात रूपांतर करणारी चकती) तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, चिकटवून ऑडिओ इंटरफेसच्या लाइन इनपुटला जोडली. आवाज पत्र्यासारखा येतो, खर्ज तर जवळजवळ नाहीच. तबकडी खराब आहे का?
(एक वाचक, मिरज)

तबकडी बहुधा ठीक आहे, इनपुट चुकलं आहे. पिएझो तबकडी विजेच्या हिशेबात एक छोटा कपॅसिटर असते. २७ मिलिमीटरच्या तबकडीची धारिता साधारण २० नॅनोफॅरड भरते. लाइन इनपुटचा रोध १० किलोओहमच्या आसपास असतो. हे दोन एकत्र आले की आपोआप हाय-पास फिल्टर, म्हणजे खालचे स्वर अडवणारी चाळणी, तयार होतो, आणि त्याची सीमा १ ÷ (२π × रोध × धारिता) या सूत्राने सुमारे ८०० हर्ट्झ येते. तंबोरा काळी एकमध्ये लावला असेल तर जोडीच्या तारा १३९ हर्ट्झवर आणि खर्ज ६९ वर. म्हणजे खर्जाच्या मूळ स्वराचा जेमतेम बारावा हिस्सा आत पोचतो. इक्वलायझरने तो उचलू नका, सोबत खरखरही तेवढीच वर येईल.

इंटरफेसवर गिटारसाठी ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झी’ लिहिलेलं बटण असेल तर ते दाबा. तिथे रोध १ मेगाओहमच्या घरात असतो आणि सीमा थेट ८ हर्ट्झपर्यंत उतरते. बटण नसेल तर तबकडी आणि इंटरफेस यांच्यामध्ये पिएझोसाठीचा प्रीअँप (मोठ्या रोधाचा छोटा वर्धक) घाला. इतक्या मोठ्या रोधावर घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची घरघर पटकन शिरते, म्हणून शील्डेड केबल वापरा, ती दोन मीटरच्या आत ठेवा आणि मोबाइलचा चार्जर लांब ठेवा.

चिकटवण्याकडेही बघा. फोमची जाड दुहेरी टेप वरचे स्वर शोषून घेते. सुपरग्लू तर लावूच नका, काढताना पॉलिश सोलून निघतं. आधी तबलीवर मेडिकलमध्ये मिळणारी कागदी पट्टी लावा, तिच्यावर पातळ दुहेरी टेप, आणि मग तबकडी. जागा घोडीपासून (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) दोन-तीन सेंटिमीटरवर, तबलीवरच. भोपळ्यावर लावली तर आवाज पोकळ येतो.

एवढं करूनही निव्वळ पिएझोचा आवाज कानाला अपुरा वाटेल, कारण ती तबलीचा एक ठिपका ऐकते, सबंध वाद्य नाही. घोडीसमोर ५० सेंटिमीटरवर एक मायक्रोफोन ठेवून दोन्ही मिसळा. मात्र हवेतून यायला ध्वनीला जवळपास दीड मिलिसेकंद लागतो. तेवढ्या अंतराने दोन ट्रॅक एकमेकांवर आले की ३४० हर्ट्झच्या आसपासचा भाग कापला जातो. ४८ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये पिएझोचा ट्रॅक सुमारे ७० सॅम्पल उशिरा वाजेल असा सरकवा, मग कानाने दहा-वीस सॅम्पल इकडेतिकडे करून पाहा.

प्रश्न: कॉलेजच्या प्रदर्शनात तंबोऱ्याची जवारी, म्हणजे घोडीवर तारेखाली दोरा घातल्यावर येणारा गुंजता नाद, पडद्यावर ‘दाखवायची’ आहे. फोनवर रेकॉर्ड करून स्पेक्ट्रोग्राम (आवाजातल्या कंप्रता काळानुसार दाखवणारं चित्र) काढला, पण दोरा असताना आणि नसताना फारसा फरक दिसत नाही.
(भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी, सांगली)

विषय फार सुंदर निवडला आहे. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली नेमकं हेच मांडलं होतं: तार ज्या बिंदूवर छेडाल, तिथे ज्या हार्मोनिकचा (मूळ स्वराच्या पटीतल्या स्वराचा) निष्पंद बिंदू, म्हणजे न हलणारी जागा, असतो तो हार्मोनिक नियमाप्रमाणे उमटायला नको. तंबोऱ्यात तो उमटतो, कारण घोडीच्या उतारावर तार कंप पावताना टेकते आणि सुटते. तुमच्या प्रदर्शनाचा गाभा हाच ठेवा. जोडीची तार बरोबर मध्यावर छेडा, म्हणजे सम हार्मोनिक नियमाने गायब असायला हवेत. मग दोरा नीट बसवून तीच तार तिथेच छेडा.

फरक पुसला जाण्याचं पहिलं कारण फोन. आवाज मंदावला की तो आपोआप पातळी वाढवतो, त्यामुळे स्वर विरतो कसा तेच दिसत नाही. आपोआप पातळी वाढवणं आणि खरखर कमी करणं, या दोन्ही सोयी बंद करता येणारं रेकॉर्डिंग अॅप घ्या, नाहीतर सरळ यूएसबी मायक्रोफोन. फाइल डब्ल्यूएव्ही, ४८ किलोहर्ट्झ. एमपी३ नको.

दुसरं कारण बाकीच्या तीन तारा. त्या न छेडता गुंजतात आणि सम हार्मोनिक परत भरून काढतात. त्यांच्या मध्यावर लोकरीच्या कापडाची पट्टी गुंडाळा.

तिसरं, नुसता दोरा काढून पूर्ण ‘बिनजवारी’ स्थिती मिळत नाही, उतार शिल्लक असतोच. घोडीच्या दांडीकडच्या काठावर तारेखाली बांबूची बारीक काडी सरकवा. तार उतारावर टेकणं थांबेल. स्वर थोडा चढेल, तो मण्याने उतरवून घ्या. घोडी मात्र कानशीने घासू नका, जवारी काढणं हे जाणत्या कारागिराचंच काम.

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्रामची विंडो (एका वेळी तपासले जाणारे सॅम्पल) ४०९६ ठेवा. तिथे स्वरांचा फरक १२ हर्ट्झपर्यंत कळतो आणि हार्मोनिक तर १३९ हर्ट्झच्या अंतराने असतात, म्हणजे रेषा स्वच्छ सुटतात. १६३८४ घेतलीत तर काळ पुसट होतो. दोरा योग्य जागी असेल तर वरच्या हार्मोनिकांचा उजळ पट्टा हळूहळू खाली उतरताना दिसेल. दिसला नाही तर दोरा अर्धा-अर्धा मिलिमीटर सरकवत राहा. कान आणि पडदा इथे एकाच वेळी ‘बसला’ म्हणतात, आणि प्रेक्षकांसमोर दोरा हलवून हा क्षण दाखवलात तर वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज उरणार नाही.

प्रश्न: कासच्या फुलांचे सायनोटाइप, म्हणजे प्रकाशाने निळ्या होणाऱ्या कागदावरचे प्रिंट, करायचे आहेत. सरावाचे प्रिंट धुतल्यावर निळा रंग फिका पडतो.
(चित्रकार, सातारा)

कासची फुलं तोडू नका. २०१२ पासून हे पठार जागतिक वारशात आहे आणि तोडायला मनाई आहे. जवळून फोटो काढा, कॉम्प्युटरवर निगेटिव्ह करा आणि पारदर्शक शीटवर इंकजेटने छापून तीच कागदावर ठेवा. पाकळ्यांचे बारकावे उलट जास्त मिळतात, कारण खऱ्या फुलाची नुसती सावली पडते.

द्रावण: १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात २५ ग्रॅम हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या १०० मिलीत १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. वेगवेगळ्या तपकिरी बाटल्यांत ठेवा आणि लागेल तेवढंच समप्रमाणात मिसळा. ए-४ ला तीन मिली पुरतं. रंग फिकटण्यामागे बहुधा अल्कधर्मी पाणी किंवा कॅल्शियम कार्बोनेट घातलेला कागद असतो, प्रशियन निळा अल्कात टिकत नाही. बफर (म्हणजे असं कार्बोनेट) नसलेला कॉटनचा कागद घ्या. पहिली धुलाई लिटरभर पाण्यात २० मिली पांढरं व्हिनेगर घालून करा, मग पिवळेपणा जाईपर्यंत साधं पाणी. पाणी बोअरचं असेल तर शेवटची खळबळ डिस्टिल्ड पाण्यात.

फेरिसायनाइड तीव्र आम्लाजवळ किंवा शेगडीजवळ नेऊ नका, त्यातून विषारी वायू सुटू शकतो. साताऱ्याच्या पावसाळी हवेत लेप दिलेला कागद लवकर खराब होतो, म्हणून अंधारात वाळला की त्याच दिवशी वापरा.