दुखत नाही त्या दिवशीही थांबा

*ताई, माझं वय ४१. चार वर्षांपूर्वी कंबर धरली, ती सुटलीच नाही. आता मान आणि खांदेही दुखतात. एमआरआयमध्ये ‘मणक्यात थोडी झीज, बाकी विशेष काही नाही’ असं आलं. घरचे म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल आहेत, तू उगाच मनावर घेतेस. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी लिहून दिली. मी ती घेतलीच नाही. जास्त दुखलं की पेनकिलर घेते, हल्ली जवळजवळ रोजच. बरं वाटतं त्या दिवशी राहिलेली सगळी कामं उरकते आणि मग दोन दिवस अंथरुणातून उठवत नाही. मी खरंच ढोंग करतेय का? आणि हे कधी जाणार?*

ढोंग करणारी बाई बरं वाटलं की कामाला जुंपून घेत नाही हो, निवांत पडून राहते. तेव्हा तो विषय इथेच संपला.

रिपोर्टचं म्हणाल, तर एमआरआयमध्ये हाडं, चकत्या, नसा दिसतात. दुखणं दिसत नाही. कंबर कधीच दुखली नाही अशा कितीतरी माणसांच्या मणक्यातही झीज सापडते. दुखणं तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलं, की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात. अशा दुखण्यात पुष्कळदा मूळ इजा केव्हाच भरून आलेली असते, पण नसा आणि मेंदू हळवे होऊन बसलेले असतात. साधं वाकणंसुद्धा त्यांना धोक्याचं वाटतं. वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबत हेही नोंदवलं, की माणूस दुखतंय म्हणाला तर त्याच्या सांगण्याचा मान राखावा. घरच्यांना सांगायला हे उपयोगी पडेल.

आता त्या गोळीबद्दल. तुम्हाला राग आला, कारण डॉक्टरांनी लिहून दिली पण समजावून सांगितली नाही. अ‍ॅमिट्रिप्टिलीन किंवा ड्युलोक्सेटीन ही औषधं डिप्रेशनची असली, तरी वेदनेचे संदेश जिथून जातात त्या वाटांवरही काम करतात. अ‍ॅमिट्रिप्टिलीन तर दुखण्यासाठी बरंच कमी मात्रेत देतात. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. पण तुम्हाला वेड लागलंय असा डॉक्टरांचा अर्थ नव्हता. परत जा आणि सरळ विचारा: कशासाठी देताय, किती दिवसांनी फरक कळेल, त्रास काय होऊ शकतो?

मला त्याहून जास्त काळजी तुमच्या रोजच्या पेनकिलरची वाटते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या गोळ्या महिनोन्महिने मनानेच घेतल्या, तर पोटात अल्सर होऊ शकतो, किडनीवर ताण येऊ शकतो. कोणती गोळी, किती वेळा, हे कागदावर लिहून न्या आणि दाखवा. लपवू नका.

पण तुमच्या पत्रातली खरी मेख शेवटच्या ओळींत आहे. बऱ्या दिवशी सगळं उरकायचं आणि नंतर दोन दिवस पडायचं. चार वर्षं तुमचा दिवस दुखणं ठरवतंय. तो घड्याळाच्या ताब्यात द्या.

कसं, ते सांगते. आठवडाभर नुसतं लिहून ठेवा: सलग किती मिनिटं बसलात, उभं राहिलात किंवा चाललात की दुखणं वाढायला लागतं? चांगले-वाईट दोन्ही दिवस धरा. समजा सरासरी वीस मिनिटं आली, तर पंधराचा टायमर लावा. वाजला की उठा, दोन मिनिटं फिरा, दुसरं काम घ्या. दुखत नसलं तरी उठायचं, आणि हेच सगळ्यात जड जातं. कपाटाचे तीन खण झालेत, चौथा समोर आहे, अंगात जोरही आहे. तरी दार लावायचं. वाईट दिवशी याच्या उलट: पूर्ण आडवं व्हायचं नाही, पाच मिनिटं का होईना, चालायचं. जमतंय असं वाटलं की आठवड्याला मिनिट-दोन मिनिटं वाढवा. हालचालीने थोडं दुखलं म्हणजे आत काहीतरी तुटलं, असं नसतं. व्यायाम मात्र फिजिओथेरपिस्टकडूनच ठरवून घ्या. मोबाइलवर बघून नको.

झोपेबद्दल तुम्ही अक्षरही लिहिलं नाहीत. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी दुखणं वाढतं, म्हणून डॉक्टरांशी तेही बोला.

एक इशारा मात्र ध्यानात ठेवा. पायातली शक्ती जायला लागली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा जांघेत बधिरपणा आला, तर टायमर-बियमर बाजूला ठेवा आणि तडक हॉस्पिटल गाठा. पाठदुखीबरोबर ताप येत असेल किंवा विनाकारण वजन घटत असेल, तर तेही लगेच दाखवा.

कधी जाणार? तारीख मी देऊ शकत नाही, आणि कोणी छातीठोकपणे देत असेल तर त्याला पैसे देऊ नका. काहींचं पूर्ण थांबतं. पुष्कळांचं थांबत नाही, पण दिवसाचा मोठा भाग पुन्हा त्यांच्या हाती येतो. सहा महिन्यांनी ‘दुखणं किती?’ यापेक्षा ‘मी काय काय करू शकले?’ हे मोजा.

आणि घरी ‘ठीक आहे’ म्हणणं बंद करा. त्यातून कोणाला काय कळणार? ‘आज मी पंधरा मिनिटं उभी राहू शकते, पुढचं तुम्ही बघा’ असं म्हणा. नवऱ्याला हे उत्तर वाचायला दिलंत तरी चालेल. फक्त टायमर वाजला की उठवायचं काम त्यांच्यावर टाकू नका, नाहीतर भांडण त्या टायमरवरून व्हायचं.