गोळ्यांच्या कोटिंगला नवीन लागलास, म्हणून सांगतो

वाळूजला औषध कारखान्यात रुजू झालास, त्यात कोटिंग, म्हणजे गोळ्यांवर पातळ थर चढवायचं काम मिळालं, चांगलं झालं. एचपीएमसी, म्हणजे थराची पावडर (हायड्रॉक्सीप्रोपिल मिथाइल सेल्युलोज), थंड पाण्यात एकदम ओतू नकोस. वरून चिकट, आत कोरडे गोळे होतात आणि दिवसभर ढवळलं तरी सुटत नाहीत. ही पावडर थंड पाण्यात विरघळते, गरम पाण्यात नाही. म्हणून एक तृतीयांश पाणी ८० ते ९० अंशांवर तापव, त्यात पावडर दाणा न् दाणा भिजू दे, मग बाकीचं थंड पाणी घाल. रात्रभर ठेवलं की बुडबुडे निघतात.

लेबलवरचा व्हिस्कॉसिटीचा, म्हणजे दाटपणाचा आकडा २ टक्के द्रावणाचा, २० अंशांवरचा असतो. मे महिन्यात आपल्याकडे टाकीचं पाणीच तापलेलं. द्रावण पातळ दिसलं म्हणून पावडर वाढवायची नाही, आधी थर्मामीटर बघायचा. मी एकदा तो न बघताच पावडर वाढवली. द्रावण निवल्यावर इतकं दाटलं की स्प्रे गनमधून धड फवारलंच जाईना.

फिल्मला, म्हणजे गोळीवरच्या थराला, ५-६ सीपीचा (सेंटीपॉइज, दाटपणाचं माप) ग्रेड. के१००एम हा एचपीएमसीचाच दुसरा ग्रेड, गोळीच्या आत जेल होऊन औषध तासन् तास सोडणारा, त्याचं पोतं वेगळं ठेव. जठरात गोळी फुटायला नको असेल तर थराला एचपीएमसी थॅलेट हा वेगळा प्रकार. आणि हे सगळं मुळात सेल्युलोजच, लाकडाच्या लगद्यातलं नाहीतर आपल्या कापसातलं.